क्रीटला जायचे, तर आधी दायमाबाद

ग्रीसच्या दक्षिणेला, आफ्रिकेकडे पाठ न फिरवता आडवे पडलेले एक लांबट बेट आहे. पूर्व-पश्चिम लांबी २६० किलोमीटर. रुंदी कुठे साठ, तर कुठे जेमतेम बारा. हे क्रीट. सिसिली, सार्डिनिया, सायप्रस आणि कॉर्सिका यांच्यानंतर भूमध्य समुद्रातले पाचवे मोठे बेट. क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर. आपला अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. म्हणजे ज्या बेटावर युरोपातली माणसे महिनाभर फिरून 'सगळे पाहून झाले नाही' म्हणतात, तशी दोन बेटे आपल्या जिल्ह्यात मावतील. माणसे मात्र तिथे फार कमी. २०११च्या जनगणनेत नगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती, क्रीटची आजही सव्वासहा लाखांच्या आसपास आहे.

ही तुलना गमतीची वाटेल, पण ती थोडी पुढे नेण्यासारखी आहे. क्रीटचा पश्चिम भाग डोंगराळ आणि पावसाचा, पूर्व भाग कोरडा. आपल्याकडेही अकोल्यात घाटघरला धो धो कोसळतो आणि पाथर्डी-जामखेडला ढग नुसते वरून जातात. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, त्यांचे प्सिलोरितिस २,४५६ मीटर. तिथे हिवाळ्यात बर्फ साचते. फरक एवढाच, आणि तो मोठा, की त्यांच्या चारही बाजूंना समुद्र आहे आणि आपल्याला समुद्र पाहायला घाट उतरून कोकणात जावे लागते.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांत क्रीटच्या दोन गोष्टी विकल्या जातात: निळे किनारे आणि चार हजार वर्षांची संस्कृती. किनारे आपल्याकडे नाहीत हे कबूल. पण चार हजार वर्षांची संस्कृती? ती प्रवरेच्या काठी आहे, त्याच काळातली, आणि काही बाबतींत त्या बेटाच्या गोष्टीशी जोडलेलीसुद्धा. हे ज्या नगरकराला ठाऊक आहे त्याला क्रीट इतर प्रवाशांपेक्षा जास्त कळेल, असे माझे मत आहे. म्हणून किनाऱ्यांचे बोलणे थोडे मागे ठेवून आधी मातीकडे वळू.

क्रीटची राजधानी हेराक्लिओन. तिथून पाच किलोमीटरवर क्नोसोस नावाचे टेकाड आहे. ग्रीक कथांत इथे मिनोस राजा राहत असे, त्याच्या वाड्यात भूलभुलैया होता, आणि त्या भूलभुलैयात बैलाचे डोके आणि माणसाचे धड असलेला मिनोटॉर कोंडलेला होता. अथेन्सहून येणाऱ्या तरुण-तरुणींचा तो घास घ्यायचा. शेवटी थीसियसने त्याला मारले आणि राजकन्येने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने तो बाहेर पडला. ही सगळी कविकल्पना आहे असे शहाणी माणसे समजत होती. १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस या गावातल्याच माणसाने टेकाडात चर खणले आणि पुरुषभर उंचीचे रांजण बाहेर काढले. पण बेटावर तेव्हा तुर्कांची सत्ता होती. काम पुढे गेले नाही. १८९८ मध्ये तुर्की सैन्य बेट सोडून गेले. मग आर्थर इव्हान्स या पैसेवाल्या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने टेकाडाची जमीन चक्क विकत घेतली आणि मार्च १९०० मध्ये खणायला सुरुवात केली.

जे निघाले त्याने युरोपचा इतिहास दीड-दोन हजार वर्षांनी मागे ढकलला. सुमारे दोन हेक्टरांवर पसरलेला, एकमेकांत गुंतलेल्या शेकडो खोल्यांचा वाडा. मधोमध मोठे अंगण. धान्य, तेल आणि दारू साठवायच्या कोठारांच्या रांगा. एकात एक बसतील अशा निमुळत्या तोंडाच्या खापरी नळांची पाणीव्यवस्था. आणि भिंतींवर रंगचित्रे. पहिला वाडा इ.स.पू. १९०० च्या सुमाराचा, तो पडल्यावर उभारलेला दुसरा इ.स.पू. १७०० नंतरचा. इव्हान्सने या लोकांना मिनोस राजावरून 'मिनोअन' हे नाव दिले. ते स्वतःला काय म्हणत, हे त्यांनी कुठे वाचता येईल अशा लिपीत लिहून ठेवलेले नाही.

खापरी नळांचे अप्रूप नगरच्या माणसाला वाटायला नको. निजामशाहीत कापूरवाडीकडून शहरात पाणी आणले ते खापरी नळांनीच. मात्र ते साधारण पाचशे वर्षांपूर्वीचे. क्नोसोसचे नळ त्याच्याही तीन हजार वर्षे आधीचे.

क्नोसोस पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज तिथे जे तांबड्या खांबांचे सज्जे आणि मजले दिसतात, त्यांतला बराच भाग सिमेंट-काँक्रीटचा आहे, विसाव्या शतकातला. मूळ लाकडी खांब कुजून गेले होते, वरचे मजले ढासळत होते, म्हणून इव्हान्सने आधाराला काँक्रीट वापरले. आणि मग हात सैल सोडून, आपल्या डोळ्यांपुढे जसा वाडा होता तसा उभा केला. अभ्यासक आजही त्याला बोल लावतात. भिंतीवरच्या चित्रांचेही तसेच. केशराची फुले वेचणाऱ्या मुलाचे एक चित्र इव्हान्सने तुकडे जुळवून पूर्ण करून घेतले होते. पुढे इतर संशोधकांच्या लक्षात आले की तो मुलगा नाही, ते निळे माकड आहे; शेपटी उरली होती तिचा अर्थ कुणी लावला नव्हता. मला स्वतःला इव्हान्सचा फार राग येत नाही. त्याने वाडा उभा केला नसता तर दरवर्षी लाखो माणसे तिथे येऊन पायाचे दगड बघून जांभया देत परत गेली असती. पण जे दिसते ते सगळे चार हजार वर्षांचे समजून भारावून जाऊ नये, एवढेच.

माकडांवरून आणखी एक. क्रीटच्या उत्तरेला थेरा, म्हणजे आजचे सँतोरिनी बेट. तिथल्या ज्वालामुखीचा इ.स.पू. १६०० च्या सुमारास प्रचंड स्फोट झाला आणि अक्रोतिरी हे मिनोअन वळणाचे गाव राखेखाली जसेच्या तसे गाडले गेले. तिथल्या एका भिंतीवर माकडांचा कळप रंगवलेला आहे. ही आफ्रिकेतली माकडे, इजिप्तच्या मार्गाने माहीत झालेली, असे बरीच वर्षे मानले जात होते. अलीकडे काही पुरातत्त्वज्ञ आणि वानरशास्त्रज्ञ यांनी मिळून ती चित्रे तपासली आणि शेपटी वर वळवून धरण्याची ढब पाहून सांगितले की ही भारतातली वानरे आहेत, काळ्या तोंडाची, आपल्या देवळांच्या शिखरांवर बसतात ती. सगळ्यांना हे पटलेले नाही. पण इतक्या लांबचे जनावर चित्रकाराला ठाऊक असणे अशक्य नाही. सिंधू खोरे, मेसोपोटेमिया आणि भूमध्य समुद्र यांच्यात हातोहात माल जात होता, हे इतर वस्तूंवरून दिसतेच.

आणि सिंधू खोऱ्याचे नाव निघाले की क्रीटचा दुसरा धागा लागतो. इव्हान्सच्या काळात क्रीटच्या उत्खननांत उमेदवारी केलेल्या तरुणांत जॉन मार्शल नावाचा एक होता. १९०२ मध्ये तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा महासंचालक म्हणून इकडे आला, आणि १९२४ मध्ये हडप्पा-मोहेंजोदडोची संस्कृती जगाला जाहीर केली ती त्यानेच. कांस्ययुगातले शहर मातीतून कसे ओळखायचे हे त्याने क्रीटमध्ये पाहिलेले होते.

त्या सिंधू संस्कृतीचे दक्षिणेकडचे शेवटचे टोक नगर जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद हे ओसाड पडलेले गाव. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांना या ठिकाणाचे महत्त्व लक्षात आले. मग एम. एन. देशपांडे, एस. आर. राव आणि शेवटी १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे उत्खनन केले. एकावर एक पाच वस्त्यांचे थर निघाले: सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. काळ साधारण इ.स.पू. २२०० ते इ.स.पू. १०००. क्नोसोसचा पहिला वाडा बांधला जात होता तेव्हा दायमाबादला पेरण्या होत होत्या. क्नोसोस जळून ओस पडले तेव्हाही दायमाबाद नांदत होते.

१९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणून काढताना जमिनीत चार धातुशिल्पे सापडली. चाकांवरचा रेडा, बैठकीवर उभा हत्ती, गेंडा, आणि चौथे सगळ्यांत देखणे: दोन बैल जुंपलेला रथ. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर. मागे उभा असलेला सारथी हातात काठी घेऊन, आणि दांडीवर एक कुत्रे. चारही भरीव ओतकामाची, मिळून साठ किलोहून जास्त वजनाची. एवढी वजनदार धातूची शिल्पे सिंधू संस्कृतीच्या मोठ्या शहरांतही मिळालेली नाहीत. ती नेमकी कोणत्या थरातली यावर वाद झाले, कारण ती शास्त्रशुद्ध उत्खननात निघालेली नव्हती. तरी उत्तर हडप्पा काळाकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. गेंडा आज महाराष्ट्रात कुठेही नाही, हे जाता जाता ध्यानात घ्यावे.

आता हेराक्लिओनच्या संग्रहालयातले सर्वांत प्रसिद्ध चित्र घ्या. उधळलेला बैल; एक माणूस त्याची शिंगे धरून उभा, दुसरा पाठीवरून कोलांटी घेतो आहे, तिसरा मागे हात पसरून. मिनोअन लोकांना बैलाचे वेड होते: बैलाच्या डोक्याच्या आकाराचे दगडी पात्र, वाड्यावर बैलाच्या शिंगांची नक्षी. पण त्यांच्या चित्रातला बैल मोकळा आहे, अंगावर येणारा आहे. दायमाबादचा बैल जुवाखाली आहे. एकाच काळातल्या दोन संस्कृतींनी एकाच जनावराकडे कसे पाहिले, हे या दोन वस्तू शेजारी ठेवल्या की आपोआप दिसते. आपण बैलपोळ्याची माणसे. आपला बैल कुठला हे वेगळे सांगायला नको.

मग क्नोसोसला लाखो लोक जातात आणि दायमाबादला कुणी का जात नाही? सरकारी अनास्था हे उत्तर सोपे आहे, पण अर्धेच आहे. क्रीटमध्ये दगड आणि जिप्सम होते, त्यांनी वाडे दगडात बांधले. प्रवरेकाठच्या लोकांची घरे कुडाची आणि मातीची. उत्खननात मिळते ते म्हणजे चोपलेली जमीन, खांबांचे खळगे, चुली, धान्याचे कणगे ठेवायच्या जागा, जळालेले दाणे. असे अवशेष उघडे ठेवले तर दोन पावसाळ्यांत चिखल होतात. म्हणून काम संपले की खड्डे बुजवतात. दायमाबादला गेलेल्या माणसाला आज एक पांढरीचे टेकाड आणि खापरांचे तुकडे दिसतात. (ते तुकडे खिशात घालू नयेत. तो गुन्हा आहे, आणि अभ्यासाचे नुकसान आहे ते वेगळेच.)

मातीच्या वस्तीतून माणसांविषयी मात्र दगडी वाड्याइतकेच कळते, कधी जास्तही. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तिथे तांबूस भांडी निघाली, वर काळ्या रंगाची नक्षी, बाजूला लांब तोटी; वाजवली तर खणखणीत आवाज येईल अशी भाजलेली. तशी भांडी पुढे महाराष्ट्रभर सापडत गेली आणि त्या सगळ्या संस्कृतीला या छोट्या गावाचे नाव मिळाले. नेवाशाला आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला या लोकांची पुरण्याची रीत कळली. लहान मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत मुलाला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. का? मेलेल्याने चालत परत येऊ नये, किंवा घर सोडून कुठे जाऊ नये. दोन्ही अर्थ लावले जातात. नेवाशाच्या अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि तिच्या दोऱ्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतू मिळाले. क्रीटमध्येही रांजणात मृतदेह ठेवून पुरण्याची पद्धत होती. दोन्हीकडच्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, हाताशी रांजण होते.

लिपीच्या बाबतीत दोघेही अजून मुके आहेत. दायमाबादच्या उत्तर हडप्पा थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या भाजक्या मातीच्या मुद्रा मिळाल्या. ती लिपी कुणाला वाचता आलेली नाही. मिनोअन लोकांची 'रेषालिपी अ' हीदेखील वाचता येत नाही. तिच्यावरून निघालेली 'रेषालिपी ब' मात्र १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या इंग्रज वास्तुविशारदाने उलगडली. निघाले काय? ग्रीक भाषा, आणि मजकूर मेंढ्या, लोकर, तेल, गहू यांच्या नोंदींचा. गूढ मंत्र वाचायला मिळतील अशा आशेवर असलेल्यांची निराशा झाली असणार. तलाठ्याच्या दफ्तरात वावरलेल्या माणसाला आश्चर्य वाटायचे कारण नाही.

इथवर नगर आणि क्रीट समांतर चाललेले आहेत. दोन्हींची गाठ पडते ती त्यानंतर हजारेक वर्षांनी, नेवाशाला.

नेवासे म्हटले की आपल्याला पैस खांब आणि शके १२१२ आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच गावात प्रवरेच्या काठी सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ ते १९५६ या काळात आणि नंतरही उत्खनन केले, तेव्हा अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतचा जवळजवळ अखंड इतिहास एका टेकाडात मिळाला. मधल्या अश्मयुगातल्या हत्यारांच्या एका परंपरेला पुरातत्त्वात नेवाशाचेच नाव आहे. सातवाहन काळाच्या थरात स्थानिक खापरांबरोबर काही परकी तुकडे होते: अँफोरा या भूमध्य समुद्राकडच्या कुंभांचे. उंच मान, दोन कान, खाली टोकदार बूड. हे भांडे घरात ठेवायला नव्हतेच, ते जहाजासाठी घडवलेले. टोकामुळे असे कुंभ जहाजाच्या तळात एकमेकांच्या खाचांत घट्ट बसत. आत राळेचा लेप, आणि भरलेली द्राक्षाची दारू, ऑलिव्हचे तेल किंवा माशांची कालवणी. भारतात सापडलेल्या अशा तुकड्यांचा अलीकडे फेरतपास झाला आणि त्यांतले काही मेसोपोटेमियाचे निघाले. पण भूमध्य समुद्राकडचा माल आपल्या पठारावर येत होता याबद्दल शंका उरलेली नाही. पश्चिम भारतातल्या रोमन व्यापाराचा अभ्यास करताना नेवासे हे नमुन्याचे ठिकाण मानले जाते.

तो माल यायचा कसा, हेही माहीत आहे. पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' हे जलप्रवासाचे टिपण उपलब्ध आहे. तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांतून जहाजे जुलैमध्ये निघत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार होऊन पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागत. नगरला पाऊस द्यायला कुचराई करणारा हा वारा दारूचे कुंभ मात्र बिनचूक पोचवत होता. पेरिप्लसमध्ये भडोचला खपणाऱ्या मालात इटलीच्या दारूला पहिली पसंती असल्याचे लिहिले आहे, आणि भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर, असा हिशेबही दिला आहे. गाड्यांनी माल घाटावर चढे. नेवासे पैठणच्या जवळ, नाशिक आणि जुन्नरकडे जाणाऱ्या वाटांच्या टापूत. तिथल्या कुणा सधन माणसाने परदेशी दारू चाखली असेल, तर त्यात नवल नाही.

त्याच काळात क्रीट काय करत होते? इ.स.पू. ६७ मध्ये रोमने बेट जिंकले आणि दक्षिणेकडच्या गोर्तिन या शहरात प्रांताची राजधानी केली. क्रीटची मनुकांपासून केलेली गोड दारू रोमन जगात नावाजलेली होती, तिचे कुंभ पाँपेईत सापडले आहेत. म्हणून क्रीटला गेलात तर क्नोसोसबरोबर गोर्तिनही पाहा. ते नेवाशाच्या त्या थराचे समकालीन आहे. शिवाय तिथे भिंतीवर कोरलेला इ.स.पू. पाचव्या शतकातला कायदा आहे. सहाशेहून अधिक ओळी. वारसाहक्क, घटस्फोट, दत्तक, गुलामांचे दर्जे, सगळे. एक ओळ उजवीकडून डावीकडे जाते, पुढची डावीकडून उजवीकडे. तासाच्या टोकाला औत वळवून बैल परत आणावेत तशी.

मध्ययुगाबद्दल थोडक्यात. तेराव्या शतकापासून क्रीट व्हेनिसच्या ताब्यात होते. हेराक्लिओनच्या बंदरातला कुलेस हा त्यांचा किल्ला १५४० मध्ये पुरा झाला. नगरचा भुईकोट हुसेन निजामशहाने दगडात बांधून काढला तो त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. तोफांच्या माऱ्याला टिकणारा किल्ला कसा बांधायचा हा प्रश्न तेव्हा दोन्हीकडे सारखाच होता. १६४८ मध्ये तुर्कांनी हेराक्लिओनला वेढा घातला आणि तो १६६९ पर्यंत, एकवीस वर्षे, चालला. इकडे साधारण त्याच काळात तोरण्यापासून आग्र्याहून सुटकेपर्यंतचे शिवचरित्र घडत होते.

आता समुद्र. क्रीटचे किनारे एका छापाचे नाहीत. नैऋत्य टोकाचे एलाफोनिसी उथळ आहे. शिंपल्यांच्या चुऱ्याने वाळूला गुलाबी झाक येते आणि गुडघाभर पाण्यातून समोरच्या छोट्या बेटावर चालत जाता येते. पोहता न येणाऱ्या आपल्यासारख्या विहिरीला भिणाऱ्या कुटुंबांना हा किनारा उत्तम. वायव्येचे बालोस दिसायला सर्वांत सुंदर, पण किसामोसहून बोटीने जावे. रस्ता खराब आहे. दक्षिणेच्या मातालाला कड्यात कोरलेल्या जुन्या गुहा आहेत, १९६० च्या दशकात हिप्पी तिथे मुक्कामाला असत. पूर्वेच्या वाई किनाऱ्यावर खजुरीच्या जातीची झाडी आहे, आपल्या शिंदीची चुलतबहीण शोभेल अशी. चालण्याची हौस असेल तर सामारिया दरी: सोळा किलोमीटरची उतरण, शेवटी थेट समुद्र. आपल्या साम्रदची सांदण दरी ज्यांनी केली आहे त्यांना ती अरुंद वाटणार नाही, लांब मात्र वाटेल. ही दरी साधारण मे ते ऑक्टोबर एवढीच उघडी असते.

केव्हा जावे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न, कारण सुट्ट्या शाळा ठरवते. क्रीटचा पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, महागाई आणि उत्तरेचा जोराचा वारा. मे महिन्यात डोंगर हिरवे, फुले, दिवस मोठा, रात्री आठनंतर सूर्य मावळतो. पाणी मात्र गार. दिवाळीच्या सुट्टीत, ऑक्टोबरच्या अखेरीस, पाणी अजून कोमट असते पण हॉटेले आणि बोटी बंद व्हायला लागतात. दिवाळी लवकर आली तर साधते. निवड करायची झाली तर मी मे म्हणेन. समुद्रात डुंबायला नाही तरी आपण फार वेळ थांबत नाही.

मुंबईहून अथेन्स, तिथून तासाभराच्या विमानाने हेराक्लिओन किंवा खानिया. नाहीतर अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची मोठी बोट, सकाळी बेटावर. व्हिसा शेंगेनचा. प्रौढ माणसाला ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. बेटावर बसची सोय चांगली आहे. गाडी भाड्याने घेतलीत तर ती रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, डोंगरात शेळ्या आडव्या येतात.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षभर असतात, त्यामुळे बिनमांसाचे पदार्थ घरोघर होतात. दाकोस बार्लीच्या कडक भाकरीवर किसलेला टोमॅटो, चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल घालून करतात. पांढऱ्या घेवड्याची उसळ, द्राक्षाच्या पानांतले भाताचे सारण, आणि 'होर्ता' म्हणजे डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्या, उकडून, लिंबू पिळून. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले, त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. क्रीटच्या म्हाताऱ्या बायकांना त्यांच्याशी बोलायला भाषा लागली नसती. १९५० च्या दशकाअखेर अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी सात देशांत आहार आणि हृदयरोग यांचा अभ्यास सुरू केला, त्यात क्रीटच्या शेतकऱ्यांत हृदयविकार सर्वांत कमी आढळला. भूमध्य आहाराची जगभरची कीर्ती तिथून सुरू झाली. ते शेतकरी तेव्हा गरीब होते, दिवसभर चढ-उतार करत होते आणि मांस त्यांना परवडत नव्हते, हा भाग हॉटेलांच्या पाट्यांवर लिहिलेला नसतो.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक झाली. त्या एकाच बैठकीत महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा मराठा किल्ले यादीत गेले, आणि क्रीटचे क्नोसोस, फेस्तोस, मालिया यांसह सहा मिनोअन राजवाडेही. क्नोसोस खणायला लागून तोवर सव्वाशे वर्षे झाली होती, म्हणजे हे काम सावकाशीचेच असते. आपल्या बारा किल्ल्यांत नगर जिल्ह्यातला एकही नाही. दायमाबादची चार शिल्पे जिल्ह्याबाहेरच्या संग्रहालयांत आहेत. त्याबद्दल तक्रार नाही, ती सुरक्षित आहेत. पण जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे ही तीन ठिकाणे एकाच नदीच्या शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत, एका दिवसात पाहून होतील अशी. तिथे काँक्रीटचे वाडे उभारायची गरज नाही. खणलेल्या चरांचे फोटो, शिल्पांच्या प्रतिकृती, एका जोर्वे घराचा नमुना आणि मराठीत नीट लिहिलेल्या चार पाट्या एवढ्यावर पुष्कळ भागेल.

ज्यांनी क्रीटचे तिकीट काढले आहे त्यांनी निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन ही वाट करावी. आणि ज्यांच्या हातात जिल्ह्याच्या पर्यटनाचा आराखडा आहे त्यांनी शिर्डी आणि शनिशिंगणापूरच्या पुढे एक ओळ प्रवरेच्या या तीन गावांसाठी घालावी. शिर्डीहून शिंगणापूरला जाणारी वर्षाची लाखो माणसे याच टापूतून जात असतात.